मिपमॅप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिपमॅप म्हणजे एकाच टेक्स्चरच्या, दर पायरीला लांबी-रुंदीने निम्म्या होत जाणाऱ्या प्रतींची मालिका. मूळ चित्र २०४८ बाय २०४८ पिक्सेलचे असेल तर पुढे १०२४, ५१२, २५६ असे करत शेवटी एकच पिक्सेल उरतो. मूळ चित्र धरून १२ पातळ्या होतात. लान्स विल्यम्स यांनी ही पद्धत १९८३ च्या सिग्राफ परिषदेतील निबंधात मांडली. आता ती प्रत्येक ग्राफिक्स कार्डात मुरलेली आहे आणि बहुधा एका ओळीच्या आदेशाने उरकते. तिच्याविषयीचे समज तपासले जात नाहीत, ते बहुतेक याच सोयीमुळे.

पहिला समज असा की मिपमॅप फक्त वेगासाठी असतो आणि त्यापायी चित्राचा दर्जा घटतो. प्रत्यक्षात तो दर्जासाठीच शोधला गेला. अकोल्याकडचे काळ्या जमिनीचे शेत, त्यात सरळ तासांत उभी असलेली, वेचणीला आलेली कपाशी, असे दृश्य उभे करायचे आहे. क्षितिजाजवळ पडद्याच्या एका पिक्सेलमागे टेक्स्चरचे कित्येक ठिपके दाटलेले असतात. मिपमॅप नसेल तर त्यांतला एखाददुसरा ठिपका उचलला जातो: कधी पांढरे बोंड, कधी काळी माती. कॅमेरा जरा सरकला की निवड बदलते, शेत चमचमू लागते आणि तासांच्या जागी भलत्याच लाटा दिसतात. मिपमॅपमध्ये या ठिपक्यांची सरासरी आधीच काढून ठेवलेली असते. वेग हा वरचा लाभ. लहान पातळीतले ठिपके मेमरीत जवळजवळ असल्याने कॅशेचा उपयोग होतो.

मेमरी दुप्पट लागते, हेही खरे नाही. प्रत्येक पातळी आधीचीच्या पावपट असते. एकचतुर्थांश, एकषोडशांश अशी बेरीज करत गेले तर ती एकतृतीयांशाच्या पुढे जात नाही. १६ एमबीचे टेक्स्चर सुमारे २१.३ एमबीचे होते, इतकेच.

पातळी कॅमेऱ्याच्या अंतरावरून ठरते, हा समज पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांनीच पसरवला असावा. कार्डाला अंतराशी देणेघेणे नसते. शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये टेक्स्चरचे निर्देशांक किती झपाट्याने बदलतात, एवढेच ते पाहते. म्हणून नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजाची कोरीव भिंत समोरून पाहिली तर एक पातळी निवडली जाते आणि तेवढ्याच अंतरावरून तिरकी पाहिली तर दुसरी. तिरक्या भिंतीत एका दिशेने ठिपके दाटतात, दुसरीने नाही. साधे फिल्टरिंग दाटीच्या दिशेला धरून पातळी निवडते आणि नक्षी नको तितकी पुसट होते. दोष मिपमॅपला दिला जातो, पण उपाय अनायसोट्रॉपिक फिल्टरिंगचा आहे. मिपमॅप बंद करणे हा उपाय नव्हे.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘सरासरी ती सरासरी’. पडद्यावरचा आकडा आणि प्रकाश यांचे प्रमाण सरळ नसते. एसआरजीबी पद्धतीत १२८ हा आकडा पूर्ण प्रकाशाच्या निम्मा नव्हे, जेमतेम एकपंचमांश दाखवतो. हिशेबाच्या सोयीसाठी माती ० आणि बोंड २५५ धरले, तर आकड्यांची थेट सरासरी १२८ येते. आधी प्रकाशात रूपांतर करून, सरासरी काढून, पुन्हा आकड्यात आणले तर १८८. पहिल्या रीतीने केलेले शेत दूर जाईल तसे काळवंडते. रंगाचे टेक्स्चर एसआरजीबी म्हणून जाहीर करावे आणि मिपमॅप स्वतःच्या कोडने करायचा असेल तर हे रूपांतर विसरू नये.

पारदर्शकतेचीही तीच गत. वरुड-मोर्शीकडची संत्राबाग दाखवताना पानांच्या चित्रात अल्फा (अपारदर्शकतेचा आकडा) ०.५ पेक्षा कमी असलेला पिक्सेल टाकून देण्याची रीत आहे. विरळ पानांच्या कडांवर सरासरीने अल्फा त्या रेषेखाली जातो आणि दूरची झाडे पानगळ झाल्यासारखी बोडकी दिसतात. त्यासाठी प्रत्येक पातळीवर अल्फा असा वाढवावा लागतो, की मूळ चित्रात जेवढा भाग टिकत होता तेवढाच टिकावा. नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचा कल सदिशांत साठवणाऱ्या चित्रात, विरुद्ध कललेल्या दिशा एकमेकींना खातात आणि सदिशाची लांबी घटते. ती पुन्हा १ करावी लागते. मात्र ही घट पृष्ठभागाच्या खडबडीतपणाची खूणही असते. ती फेकून दिली तर दुरून मंद दिसायला हवा असा कोरीव दगड उगाच झळाळतो.

उपग्रह-नकाशांत याच पिरॅमिडला ओव्हरव्ह्यू म्हणतात आणि तिथे चूक थेट माहितीची होते. पीक-नकाशात कपाशीला १, तुरीला २ आणि सोयाबीनला ३ असे संकेतांक दिले, तर कपाशी आणि सोयाबीनच्या बांधावर सरासरी २ येते. म्हणजे कोणी न पेरलेली तूर नकाशावर उगवते. अशा नकाशाला सरासरी चालतच नाही. जवळचा ठिपका किंवा बहुमताचा संकेतांक घ्यावा लागतो.

टेक्स्चरचे माप दोनच्या घातातच हवे, ही अट ओपनजीएल २.० ने २००४ मध्येच सैल केली. वेबजीएलच्या पहिल्या आवृत्तीत मिपमॅपसाठी ती राहिली, दुसरीत गेली. तरी विषम मापांत काळजी लागतेच. १००० चे माप १२५ पर्यंत नीट उतरते, पुढची पातळी ६२ ची. तिथे दोन-दोन ठिपके जोडत गेले तर शेवटचा स्तंभ हिशेबातून सुटतो.

मिपमॅप आपोआप बनतात, असे गृहीत धरणाऱ्याला ओपनजीएल काळे टेक्स्चर दाखवते. तिथले मूळ फिल्टर पातळ्या आहेत असे धरून चालते; त्या नसल्या तर टेक्स्चर अपूर्ण ठरते. मूळ चित्र बदलले तरी खालच्या पातळ्या जुन्याच राहतात, आदेश पुन्हा द्यावा लागतो. व्हल्कन आणि डायरेक्टथ्रीडी १२ मध्ये तर असा तयार आदेशच नाही. प्रत्येक पातळी प्रोग्रामरने स्वतः उतरवायची असते, किंवा आधीच बनवून फाइलमध्ये ठेवायची.