एकाच ई-मेलवर दहा गिऱ्हाइके

कोकणातला हापूस पूर्वापार दलालामार्फत मुंबईच्या बाजारात जात आला आहे. आता काही बागायतदार आणि व्यापारी गिऱ्हाइकाला थेट पेटी पाठवतात व त्यासाठी इंटरनेटवर स्वतःचे दुकान, म्हणजे वेबसाइट, करून घेतात. हे दुकान उघडण्यापूर्वी तपासायचे कसे, एवढ्याच मुद्द्यावर आज आम्ही लिहीत आहोत.

समजा, हेदवीच्या एका बागायतदाराने अशी वेबसाइट करून घेतली. पुण्याचे गिऱ्हाईक दोन डझन मागवणार, मुंबईचा व्यापारी पन्नास पेट्या घाऊक दराने घेणार, आणि दुबईतला मुलगा पैसे तिकडून भरून माल गावी आईकडे पाठवायला सांगणार. तिघांचे दर वेगळे, पत्ते वेगळे. तिघांच्या नावाने खाती उघडून पाहिल्याशिवाय हिशेब बरोबर लागतो की नाही, हे कळत नाही. पण वेबसाइट बहुधा एका ई-मेलवर एकच खाते उघडू देते. मग मनाला येईल तो पत्ता टाकला जातो. तो पत्ता खरोखरच कोणाचा असला, तर आपले बिल त्या परक्या माणसाकडे जाते आणि आपल्याला काहीच दिसत नाही.

यावर सोपा उपाय आहे. आपला पत्ता 'दुकान@जीमेल.कॉम' असेल, तर 'दुकान+पुणे@जीमेल.कॉम' आणि 'दुकान+दुबई@जीमेल.कॉम' या पत्त्यांवरची पत्रेही आपल्याच पेटीत येतात. नवीन काही उघडावे लागत नाही. पत्र पाठवणाऱ्याला फक्त @ च्या उजवीकडचा भाग पाहून पत्र कोठे न्यायचे ते ठरवायचे असते. डावीकडचा भाग कसा वाचायचा, हे पेटी सांभाळणारी कंपनी ठरवते. २००४ साली सुरू झालेले जीमेल अधिक चिन्हापासून पुढचा मजकूर सोडून देते. वेबसाइटला मात्र ही सगळी निरनिराळी माणसे वाटतात. जीमेल नावातला टिंबही मोजत नाही, पण टिंबांवरून कोणते खाते कोणाचे हे लक्षात राहत नाही. आमच्या मते अधिक चिन्हच बरे.

सगळ्याच कंपन्या ही सोय देत नाहीत, म्हणून आधी स्वतःलाच एक पत्र पाठवून पाहावे. काही वेबसाइटी अधिक चिन्ह असलेला पत्ता चुकीचा ठरवतात. आपली वेबसाइट तसे करीत असेल, तर ती कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावी. असा पत्ता वापरणारे खरे गिऱ्हाईक उद्या दारातून परत जाईल.

जेथे पत्र पोचायलाच नको, तेथे 'एक्झाम्पल.कॉम' हे नाव वापरावे. १९९९ पासून ते नमुन्यासाठी राखून ठेवलेले आहे. मोबाइल नंबर मात्र स्वतःचा किंवा घरच्यांचाच द्यावा. मनचा नंबर कोणाचा तरी निघतोच.

आणखी एक. चाचणीसाठी धंद्याची रोजची पेटी वापरू नये, वेगळी उघडावी. नाहीतर वेबसाइट करणाऱ्या पोराच्या हाती पासवर्ड जातो आणि आपली सगळी देणीघेणी त्याला वाचता येतात. हीच युक्ती वापरून दुसऱ्याच्या दुकानातली 'पहिल्या खरेदीवरील सूट' पुन्हा पुन्हा घेणारेही आहेत. ती चाचणी नव्हे, लबाडी.

मार्च उजाडण्याआधी खोट्या मागण्या यादीतून काढून टाका. एखादी राहिली, तर पन्नास पेट्या भरून टेम्पो दारात उभा आणि घेणारा कोणीच नाही, अशी वेळ येईल.