कोपरातले हरवलेले हाड

सहलीच्या एस.टी.त खिडकीशी बसलेल्या मुलांना 'कोपर आत घे' असे आपण कितीदा तरी सांगतो. समोरून येणारा ट्रक घासून गेला, तर बाहेर काढलेले कोपर नुसते मोडत नाही. हाडाचे तुकडे जखमेतून रस्त्यावर पडतात. जोडायला हाडच शिल्लक नसेल तर काय करायचे?

कोपर हा बिजागरीचा सांधा, हे आपण शिकवतोच. दंडाच्या हाडाचे खालचे टोक कप्पीसारखे असते. करंगळीच्या बाजूचे हाड या कप्पीवर फिरते. कप्पीच्या वर, पुढे आणि मागे एकेक खळगा असतो. हात दुमडताना किंवा सरळ करताना खालच्या हाडाची टोके या खळग्यांत शिरतात.

समजा, कप्पीचा मधला सेंटिमीटरभर भागच गेला. उरलेले दोन भाग स्क्रूने आवळले, तर हाड जुळेल. पण कप्पी अरुंद होईल आणि खालचे हाड तिच्यावर नीट बसणार नाही. म्हणून रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या कडेचा तुकडा मापाने कापून मध्ये बसवतात. हा तुकडा परांचीचे काम करतो. शेजारच्या हाडातून रक्तवाहिन्या व पेशी त्यात शिरतात, जुने हाड हळूहळू शोषले जाते आणि नवे तयार होते. त्यावर कूर्चेचा गुळगुळीत थर मात्र नसतो, ही या उपायाची मर्यादा.

कप्पीच्या वरचे हाड गेले असेल, तर नियम उलटा! तिथे दंड सेंटिमीटरभर आखूड करून टोके सरळ एकमेकांवर बसवता येतात. हातावर चालायचे नसल्याने ते खपून जाते. फक्त बुजलेला खळगा पुन्हा कोरावा लागतो, नाहीतर हात पुरता वाकणार नाही.

जखमेत माती गेलेली असेल तर घाई करून चालत नाही. आधी धुणे, मेलेला भाग काढणे, बाहेरून सळ्यांचा आधार देणे. पोकळी मोठी असेल तर फ्रेंच शल्यचिकित्सक मास्कले यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेली पद्धत वापरता येते. पोकळीत अस्थि-सिमेंटचा गोळा ठेवतात. सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती रक्तवाहिन्यांनी समृद्ध असे पटल तयार होते. मग गोळा काढून त्या पिशवीत हाडाचा चुरा भरतात.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कृत्रिम सांधा का नाही? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे पन्नास-साठ वर्षे उभी असतात. तो सांधा झिजतो, सैल होतो आणि त्या हाताने आयुष्यभर जड वजन उचलायचे नसते. दुसरीकडे, या वयात कोपराजवळच्या वाढीच्या चकत्या मिटत आलेल्या असतात. त्यामुळे लहान मुलांप्रमाणे वाकडे हाड वाढीबरोबर सुधारेल, ही आशाही उरत नाही.

असा प्रसंग आलाच तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी, हात आहे त्या स्थितीत फळीला बांधावा आणि रस्त्यावर पडलेला हाडाचा तुकडा न घासता स्वच्छ कापडात गुंडाळून सोबत न्यावा. तो वापरायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील. पुढे कोपर आखडले तरी चोळून घेऊ नये. जोरजोराने चोळल्यास स्नायूतच हाड तयार होऊ शकते.