आधी स्टिअरिंग, मग एक्सल

१९८६ च्या मॉडेलपासून टोयोटाने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आपल्या फोर-व्हील पिकअपचा पुढचा अखंड एक्सल काढून टाकला. पाट्यांवर बसलेल्या त्या जाडजूड लोखंडाच्या जागी टॉर्शन बारची रचना आली आणि पुढची दोन्ही चाकं एकमेकांपासून सुटी झाली. रस्त्यावर गाडी सुखाची झाली, बहुतेक गिऱ्हाइकांना तेच हवं होतं. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर किंवा युटामधल्या मोआबच्या खडकांवर गाडी घालणाऱ्यांना मात्र ते पटलं नाही. खडकावर एक चाक वर उचललं गेलं की दुसरं खाली दाबलं जावं, जमीन सोडू नये, हे अखंड एक्सलला आपसूक जमतं. म्हणून १९७९ ते १९८५ च्या पिकअपचा एक्सल भंगारातून आणायचा आणि नंतरच्या गाडीखाली बसवायचा, हा उद्योग तिकडे सुरू झाला. तो अजून थांबलेला नाही.

पैसे कुठे जातात हे पाहण्यासारखं आहे. एक्सल, पाटे, मोठे टायर, डिफरन्शिअलचं लॉकर यांची यादी आधी होते. स्टिअरिंग उरलेल्या पैशांत भागवलं जातं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. स्टिअरिंगचा दांडा कुठून कुठे जाणार हे ठरल्याशिवाय पाट्यांची उंची ठरवण्यात अर्थ नाही.

जुन्या एक्सलबरोबर जुनीच रचना घेतली तर काय होतं? त्या गाड्यांत स्टिअरिंग बॉक्सचा पिटमन आर्म मागे-पुढे हलतो आणि ड्रॅग लिंक गाडीच्या लांबीच्या दिशेने जाऊन चालकाच्या बाजूच्या नकलला (चाक ज्यावर वळतं त्या भागाला) ढकलते किंवा ओढते. कमी उंचीच्या मूळ गाडीत हे निभतं. पण पाटा दबला की सपाट होतो, लांबतो आणि एक्सलला थोडं मागे-पुढे सरकवतो. ड्रॅग लिंकचं टोक मात्र स्वतःच्याच कमानीत फिरत असतं. दोघांचं जमत नाही, आणि चालकाने स्टिअरिंगला हात लावला नसतानाही चाक वळतं. मऊ, उंच पाट्यांनी हे आणखी वाढतं. महिंद्राच्या जुन्या जीपलाही पुढे अखंड एक्सल आणि पाटेच असत. तिच्या स्टिअरिंगमधला प्ले सवयीने सांभाळत घाट उतरणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिलेत, त्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको.

उपाय म्हणजे क्रॉसओव्हर. यात पिटमन आर्म डावीकडे-उजवीकडे हलतो आणि ड्रॅग लिंक गाडीच्या रुंदीत आडवी जाऊन पलीकडच्या नकलला धरते. गंमत अशी, की १९८६ नंतरच्या ज्या पिकअपखाली एक्सल घालायचा, तिच्या चॅसीवर आडवा हलणारा बॉक्स आधीच असतो. जुन्या गाड्यांचे मालक तोच बॉक्स शोधत भंगारवाल्याकडे जातात. कमी पैशांत काम करणाऱ्याने तो टाकून दुसरं काही विकत घेणं मला उधळपट्टी वाटते. त्याची जागा फार तर थोडी बदलावी लागते.

पण नुसता दांडा आडवा केल्याने काम संपत नाही. तो जमिनीला जवळपास समांतर हवा. ९०० मिलिमीटरची ड्रॅग लिंक अगदी सपाट असेल आणि एक्सल १०० मिलिमीटर खाली गेला, तर आडव्या अंतरात साडेपाच मिलिमीटरचा फरक पडतो. तीच लिंक आधीच २०० मिलिमीटर उतरती असेल आणि एक्सल आणखी १०० खाली गेला, तर फरक २९ मिलिमीटर. नकलवरचा आर्म १५० मिलिमीटरचा धरला तर पहिल्या वेळी चाक सुमारे २ अंश वळेल, दुसऱ्या वेळी ११. महामार्गावर ११ अंश म्हणजे शेजारची लेन.

म्हणून हाय-स्टिअर आर्म. हे आर्म नकलच्या डोक्यावर बसतात, त्यामुळे ड्रॅग लिंकचं खालचं टोक वर येतं आणि उतार मोडतो. एक्सलच्या मागे, पाट्यांखाली असलेला, दोन्ही नकल जोडणारा टाय रॉडही पाट्यांच्या वर नेता येतो, म्हणजे खडकावर आपटून वाकत नाही. खर्च वाढतो, हे खरं. शिवाय सगळा जोर नकलच्या वरच्या चार स्टडवर येतो. त्यांच्यावर शंकूच्या आकाराचे वॉशर असतात. ते नीट बसले नाहीत तर नट सैल होतात, स्टड तुटतात. गाडी थोडी चालवून नट पुन्हा कसायला विसरणाऱ्याने हाय-स्टिअर घेऊच नये.

पाट्यांऐवजी कॉईल स्प्रिंग घातले तर एक्सल आडवा सरकू नये म्हणून ट्रॅक बार लागतो. तो ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्यतो तिच्याच लांबीचा हवा. कमी बजेटमध्ये पाटे बरे असं मी म्हणतो, त्यामागचं अर्धं कारण हेच.

यापुढे मोह आहे तो हायड्रॉलिकचा. बॉक्सला छिद्रं पाडून तिथून तेल काढायचं आणि टाय रॉडला एक सिलिंडर जोडायचा, ही मदतनीस पद्धत चांगली आहे. खडकात अडकलेला मोठा टायर त्याने सहज वळतो आणि बॉक्सवरचा ताण हलका होतो. मात्र सिलिंडरची धाव संपायच्या आत नकलचे स्टॉप लागले पाहिजेत, नाहीतर सिलिंडरच काहीतरी वाकवतो. पूर्ण हायड्रॉलिकमध्ये स्टिअरिंग आणि चाकं यांच्यात दांडाच नसतो. फोर्कलिफ्टसारखा ऑर्बिटल व्हॉल्व्ह आणि होज, बस. होज फुटला की स्टिअरिंग गेलं. ट्रेलरवरून न्यायच्या गाडीला ते शोभतं, रोज पेट्रोल पंपावर जाणाऱ्या गाडीला नाही.

सांध्यांबाबतही तेच. रेसिंगवाले रॉड एंड दिसायला झकास, पण धूळ-चिखलात ते लवकर खडखडू लागतात. रबरी टोपी असलेले, ग्रीस भरता येणारे साधे टाय रॉड एंड रस्त्यावरच्या गाडीला पुरेसे आहेत. वाचलेले पैसे चॅसीवर घालावेत. बॉक्स चॅसीच्या बाहेरच्या अंगाला बोल्टने बसतो आणि चॅसी आतून पोकळ असते. बोल्ट कसले की पत्रा दबतो, मोठ्या टायरच्या झटक्यांनी पुढे तिथेच तडा जातो. आरपार नळ्या घालून वेल्डिंग करायचं, वर जाड प्लेट लावायची. या कामाची चर्चा कुणी करत नाही, कारण ते दिसत नाही.

तपासणी मात्र फुकट होते. इंजिन चालू, गाडी डांबरावर उभी, एक माणूस स्टिअरिंग थोडं थोडं दोन्हीकडे वळवतोय, दुसरा बाजूला खाली वाकून बॉक्सकडे पाहतोय. चाकांआधी चॅसी हलताना दिसली, तर गाडी पुन्हा वेल्डरकडे.