दूर प्रवासासाठीं मोटारीची निवड

अमेरिकेच्या पश्चिम भागांतून मोटारीनें पंधरा दिवस, महिनाभर हिंडावयाचें ज्यांनीं ठरविलें असेल, त्यांच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो गाडीचा. नेवाडाच्या वाळवंटांतील खडीचे रस्ते, रॉकी पर्वतांतील घाट आणि मे महिन्यांतही अवचित कोसळणारें बर्फ ह्या तिहींस पुरून उरेल अशी, चारी चाकांना चालना देणारी, पण ट्रकासारखी अवजड नसलेली गाडी त्यांस हवी असते. अशा वेळीं जपानच्या सुबारू कंपनीच्या ‘औटबॅक’ आणि ‘फॉरेस्टर’ ह्या दोन गाड्यांचीं नांवें बहुधा एकदमच निघतात, आणि पंचाईत होते ती तेथेंच. कारण ह्या दोघी एकाच घरच्या बहिणी आहेत.

सुबारू हें कृत्तिकांचें जपानी नांव होय. कंपनीच्या चिन्हांत तारे सहाच आहेत. भारतीय कथेंतही कार्तिकेयाच्या माता सहाच, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. जपानच्या उत्तरेकडील एका वीज कंपनीस हिंवाळ्यांत तारांची देखरेख करण्याकरितां जीपहून ऊबदार व सुखावह गाडी हवी होती. त्या मागणींतून जो प्रयत्न सुरू झाला, त्याचें फळ म्हणजे १९७२ सालीं निघालेली चारी चाकांना चालना असणारी लिओन वॅगन. पुढें १९९५ च्या नमुन्यांत औटबॅक आली आणि १९९७ सालीं फॉरेस्टर.

दोघींच्या अंतरंगांत भेद फारच थोडा. २०२० ते २०२५ ची औटबॅक आणि २०१९ ते २०२४ ची अमेरिकेंतील फॉरेस्टर घेतली, तर दोहोंत अडीच लिटरचें, १८२ अश्वशक्तीचें एकच इंजिन आढळतें. ह्या इंजिनाचे दट्टे उभे न राहतां आडवे, समोरासमोर धांवतात. त्यामुळें त्याचें वजन खालीं राहतें व वळणावर गाडी कमी कलते. इंजिनाच्या थेट मागें गतिपेटी, आणि तेथून पुढच्या व मागच्या चाकांस शक्ति जाते. पुढचीं चाकें घसरूं लागलीं कीं एक बहुपत्री क्लच मागच्या चाकांकडे अधिक शक्ति सोडतो. जमिनीपासूनची उंचीही दोघींची सारखीच, ८.७ इंच. फॉरेस्टर उंच दिसते ती केवळ टपामुळें. दगडाधोंड्यांच्या वाटेवर तिला अधिक सवलत मिळते असें नव्हे.

मग निवड करावयाची ती कशावरून? मुख्यतः अंगलटीवरून. औटबॅकची लांबी सुमारें १९१ इंच, फॉरेस्टरची १८२. पुढच्यामागच्या आसांतील अंतर एकीचें १०८ इंच, तर दुसरीचें १०५. हे तीन इंच कागदावर क्षुल्लक वाटतात. पण कांक्रीटच्या सांध्यांवरून दिवसाचे पांचशें मैल कापतांना लांब गाडी कमी हिंदकळते, आणि आठव्या तासाला पाठ त्याची साक्ष देते. वायोमिंगच्या पठारावर आडवा वारा सुटला म्हणजे दोन इंच ठेंगणी असलेली औटबॅक अधिक स्थिर वाटते. उलटपक्षीं फॉरेस्टरचीं आसनें ताठ, खिडक्या मोठ्या व दारें प्रशस्त. उन्हाळ्यांत मुलाकडे म्हणून पुण्यामुंबईहून गेलेल्या आईवडिलांना दिवसांतून दहा वेळां चढउतार करावयाची असेल, तर त्यांचे गुडघे कोणता कौल देतील हें सांगावयास नकोच.

मागचें आसन दुमडल्यावर सामानाची जागा दोघींत सुमारें ७५ घनफूट भरते. मात्र एकीची ती लांब, दुसरीची उंच. गाडींतच पथारी पसरून निजणाऱ्यानें पहिली घ्यावी. उभीं खोकीं रचणाऱ्यानें दुसरी.

पेट्रोलच्या प्रश्नाचा मात्र उगीच बाऊ केला जातो. औटबॅकची टांकी १८.५ गॅलनांची, फॉरेस्टरची १६.६, पण फॉरेस्टर गॅलनामागें तितकेच किंवा किंचित् अधिक मैल देते. हमरस्त्यावर दोघीही कागदोपत्रीं पांचशें मैलांहून पुढें जातात. भार व समोरचा वारा ह्यांची वजावट केली तरी नेवाडांतील ओसाड ५० क्रमांकाचा रस्ता दोघींनाही अवघड नाहीं.

घाटांत मात्र गोष्ट बदलते. कोलोरॅडोंतील आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तेथें हवा इतकी विरळ असते कीं साध्या इंजिनाची जवळजवळ एकतृतीयांश शक्ति नाहींशी होते. औटबॅक ही टर्बो जोडलेल्या, २६० अश्वशक्तीच्या इंजिनासहही मिळत असे; त्या पिढीच्या अमेरिकन फॉरेस्टरला ती सोय नव्हती. मागें ओढावयाचा भारही साध्या फॉरेस्टरला १,५०० पौंडच. साध्या औटबॅकला २,७०० आणि टर्बोला ३,५०० पौंड. लहानसा तंबूगाडा जोडावयाचा असेल, तर वाद तेथेंच मिटला.

ह्या साऱ्या तुलनेंत जी गोष्ट हटकून विसरली जाते, ती जिवावर बेतणारी आहे. चारी चाकांची चालना गाडीला पुढें नेते, थांबवीत नाहीं. बर्फावर इतर गाड्या जागच्या जागीं चाकें फिरवीत असतां ही सहज निघते, आणि त्यामुळेंच चालकाची फसगत होते. ब्रेक दाबल्यावर तिची गत इतरांसारखीच! हिंवाळी प्रवास करणारानें चामडी आसनांवरील पैसे वांचवून ते हिंवाळी टायरांकडे वळवावे.

टायरांची आणखी एक मेख आहे. चारी टायरांच्या परिघांत पाव इंचाहून अधिक फरक नसावा, नाहींतर आंतील क्लचावर अखंड ताण पडतो. वाळवंटांत एक टायर फाटला आणि उरलेले तीन झिजलेले असले, तर कित्येकदां चारही नवे घ्यावे लागतात. सोबतचें जादा चाक बहुधा अरुंद व तात्पुरतें असतें. त्याच्यावर शेंदीडशें मैलांची मजल मारण्याचें धाडस कोणी करूं नये.

२०२६ च्या नमुन्यापासून औटबॅकनेंही उंच, चौकोनी अंग धारण केलें आहे. ती जुनी, लांब व बसकी वॅगन ज्यांस हवी, त्यांस ती आतां वापरलेल्या गाड्यांच्या बाजारांतच शोधावी लागेल. तेथें गेल्यावर रंग पाहण्यापूर्वीं वांकून टायर पाहावे. चारही एकाच जातीचे व सारखे झिजलेले असले, तर मग पुढचें बोलणें करावें. तीन एका तऱ्हेचे व चौथा निराळा दिसला, तर गतिपेटी जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्यावांचून एक डॉलरही पुढें करूं नये.