वॉल्सेंडचे लोखंड

इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीकाठी, वॉल्सेंड येथे, स्वान हंटर कंपनीचा जहाजबांधणीचा कारखाना होता. १९१२ साली 'टायटॅनिक'च्या सातशेहून अधिक माणसांना समुद्रातून उचलून घेणारी 'कार्पेथिया' येथलीच. अटलांटिकवरील वेगाचा मान सुमारे वीस वर्षे राखणारी 'मॉरिटानिया'ही १९०६ साली येथेच पाण्यात उतरली. १९९३ साली आरमाराची एक मोठी मागणी दुसऱ्या कारखान्याकडे गेली आणि कंपनी कोसळली. नव्या मालकाने ती सावरली खरी. पण २००६ साली, खर्च हाताबाहेर गेल्यावर, सरकारने 'लाइम बे' हे अपुरे जहाज काढून ग्लासगोस नेले. तेथे जहाजबांधणी थांबली ती कायमचीच.

कारखान्याच्या उंच याऱ्या, तरती गोदी व यंत्रसामग्री २००७ साली मुंबईच्या भारती शिपयार्डने विकत घेतली. साम्राज्याचे लोखंड आपल्या दारी आले, एवढ्यावरच समाधान मानणे आम्हांस पोरकटपणाचे वाटते. यारी सुटी करून जहाजावर चढविता येते. पत्र्याला बाक किती द्यावा हे हातानेच ओळखणारा कारागीर तसा आणता येत नाही. तो वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने घडतो, आणि तीही कामाचा ओघ अखंड असेल तरच. पुढे भारती शिपयार्डही कर्जात बुडाली व जानेवारी २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. अवसायकाच्या यादीत यंत्रे चढतात. तेथील वेल्डर, फिटर व आरेखक आज कोठे आहेत, याची नोंद सरकारच्या कोणत्या खात्याकडे आहे?