पकडल्याशिवाय दिसत नाही

कुंकवाची घरगुती कृती जुन्या पिढीला ठाऊक आहे. हळदीत चुना मिसळला की पिवळा रंग लाल होतो. चुना हे कॅल्शियमचे संयुग, तेव्हा हळद कॅल्शियम ओळखते असे कोणाला वाटले तर नवल नाही. पण हळदीच्या डागाला साबण लागला तरी तो तांबडा होतोच, आणि साबणात चुना नसतो. हळद ओळखते तो अल्कधर्म. जिवंत पेशीतले धातूचे आयन रंगद्रव्याने दाखवायचे म्हटले की पहिला पेच हाच येतो. दिसते आहे ते नेमके कशामुळे?

हे आयन पाहण्याची निकड कॅल्शियमच्या बाबतीत सर्वांत आधी जाणवली. १८८३ साली लंडनच्या सिडनी रिंगरने शरीरातून काढलेले बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवले होते. पुढे लक्षात आले की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर नळाच्या पाण्यात बनवलेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबले. लंडनच्या नळाच्या पाण्यात असलेले कॅल्शियम हीच त्या धडधडीची अट होती. स्नायू आकसणे, ग्रंथी स्रवणे, चेतापेशींनी एकमेकींना संदेश देणे, या सगळ्यांत कॅल्शियमचा हात असल्याचे पुढच्या काळात उमगत गेले. पण पेशीच्या आत ते केव्हा आणि किती वाढते, हे पाहणार कसे?

अडचण प्रमाणाची होती. आपल्या शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेल्यापैकी पेशीच्या आत मोकळे फिरणारे कॅल्शियम तर नगण्य. बाहेरच्या द्रवात ते जितके असते त्याच्या साधारण दहा हजारांश. शिवाय पेशीत मॅग्नेशियम त्याच्या हजारो पट असते, आणि रसायनाच्या दृष्टीने ते कॅल्शियमचे जवळचे भावंड. जत्रेच्या गर्दीत जुळ्यांपैकी एकालाच हाक मारावी, तसे हे काम. समुद्रातल्या जेलीफिशपासून मिळवलेले इक्वोरिन नावाचे प्रथिन कॅल्शियम लागताच प्रकाश देते, पण ते पेशीत सुईने टोचून घालावे लागे. मोठ्या अंड्यांना आणि जाड स्नायुतंतूंना ते सोसते. रक्तातल्या इवल्याशा पेशीला नाही.

१९८० साली केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या रॉजर त्सिएन या तरुण संशोधकाने यावर उपाय मांडला. ईजीटीए हे कॅल्शियम पकडणारे रसायन तेव्हा प्रयोगशाळांत सर्रास वापरात होते. खेकड्याने नांग्यांत धरावे तसे ते कॅल्शियमला चहूबाजूंनी धरते आणि मॅग्नेशियमला बहुतांशी सोडून देते. पण त्याची पकड आम्लतेप्रमाणे सैल-घट्ट होते. म्हणजे पुन्हा हळदीचीच गत. त्सिएनने त्याच्या सांगाड्यात दोन बेंझिन वलये बसवली. त्यामुळे आम्लतेचा उपद्रव जवळजवळ संपला, पकडण्या-सोडण्याचा वेग वाढला, आणि वलयांमुळे रेणू प्रकाशाशी खेळू लागला. हे बाप्टा. त्याला क्विनाइनच्या रेणूत असते तसे वलय जोडून क्विन-२ झाले. कॅल्शियम धरले की ते अतिनील प्रकाशात अधिक उजळते.

पण नांग्यांवर ऋणभार असल्याने हे रेणू पेशीपटलातून आत शिरत नाहीत. त्सिएनची १९८१ सालची युक्ती मला या साऱ्या कथेत सर्वांत देखणी वाटते. त्याने नांग्यांवर रासायनिक टोपणे चढवली. टोपणांमुळे भार झाकला जातो, रेणू तेलकट होतो आणि सहज आत सरकतो; आत पेशीचीच विकरे टोपणे कापून टाकतात. भार उघडा पडलेला रेणू मग आतच अडकतो. माशांसाठी लावलेल्या मळईसारखा हा मामला आहे, आत जाता येते, परतता येत नाही. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकात या पद्धतीला पेशीत व्यत्यय न आणणारी म्हटले होते. सुई टोचण्याच्या तुलनेत ते खरेच होते.

व्यत्यय मात्र दुसऱ्या वाटेने आला. क्विन-२ फिके होते. ते दिसावे म्हणून पेशीत इतके भरावे लागे की मोकळ्या कॅल्शियमच्या हजारो पट रंगद्रव्य आत जमे. मग कॅल्शियमची लाट उठायच्या आतच रंगद्रव्य ती पिऊन टाकी. पाहणारा डोळाच दृश्य गिळत होता. १९८५ साली आलेले फ्युरा-२ सुमारे तीसपट तेजस्वी होते, त्यामुळे थोडक्यात भागू लागले. त्याचा आणखी एक गुण असा की कॅल्शियम नसताना ते ३८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने चांगले उजळते, धरल्यावर ३४० च्या. दोन्हींखाली पाहून गुणोत्तर काढले की पेशी जाड आहे की पातळ, रंग कमी शिरला की जास्त, हे प्रश्न बव्हंशी गळून पडतात.

तरीही फ्युरा-२ पकडतेच. पकडल्याशिवाय ते दाखवणार कसे? १९९२ साली एर्विन नेहेर आणि जॉर्ज ऑगस्टीन यांनी या दोषालाच मापपट्टी केले. अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींत रंगद्रव्याचे प्रमाण बदलत नेले की कॅल्शियमचा चढउतार किती मंदावतो, हे त्यांनी मोजले आणि ती रेषा मागे ओढून रंगद्रव्य शून्य असते तर काय झाले असते ते काढले. त्यातून पेशीची स्वतःची प्रथिने किती कॅल्शियम अडवतात तेही कळले. आत आलेल्यापैकी अगदी थोडेच मोकळे राहते. पुढच्याच वर्षी फ्लुओ-३ हे भावंड वापरून उंदराच्या हृदयपेशींत कॅल्शियमच्या क्षणिक ठिणग्या दिसल्या. रिंगरच्या बेडकाच्या हृदयाला नळाच्या पाण्यातून जे मिळत होते, त्याचा कारभार पेशीच्या आत कसा चालतो हे आता डोळ्यांना दिसू लागले.

या ठिणग्यांवर आणि असंख्य आलेखांवर आजचे हृदयाचे, मेंदूचे ज्ञान बऱ्याच अंशी उभे आहे. म्हणून २०१८ सालचा एक निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. ही रसायने नेहमीच्या प्रमाणात वापरली तरी पेशीपटलातल्या सोडियम-पोटॅशियम पंपाचे काम ३० ते ८० टक्क्यांनी घटवतात, असे त्यात आढळले. हा पंप प्रत्येक पेशीचा विद्युतभार राखतो. उंदरांच्या मेंदूत रंगद्रव्य घातल्यावर पेशींबाहेरच्या पोटॅशियमचे प्रमाणही बदललेले दिसले. कॅल्शियम पकडण्याचा हिशेब नेहेरच्या रेषेने वजा करता येतो. हा व्यत्यय त्या रेषेवर येतच नाही, कारण रंगद्रव्य इथे कॅल्शियमला नव्हे, थेट पंपालाच हात घालते. आधीच्या निष्कर्षांची फेरतपासणी करावी लागेल, असे त्या संशोधकांनी स्वतःच लिहिले आहे. काही प्रयोगशाळा आता पेशीला स्वतःच बनवता येतील अशी प्रकाशमान प्रथिने वापरतात. तीही कॅल्शियमला धरूनच उजळतात.