ऐकलेली कथा आणि बदलणारे गाव

प्रसारमाध्यमांमुळे स्त्रीची प्रतिष्ठा वाढते की घटते, याविषयी आपल्याकडे नेहमीच वाद चालतो. जाहिरातींतील स्त्रीचे चित्रण आणि मालिकांतील कटकारस्थाने यांकडे बोट दाखवून काही जण माध्यमांना दोष देतात. तर रेडिओ आणि दूरदर्शनमुळेच खेड्यापाड्यांत जागृती आली, असे इतर काही जण मानतात. या दोन्ही मतांची पारख करावयाची असेल, तर आपल्याच देशातील एका गावाची हकिगत अभ्यासण्यासारखी आहे.

१९९६ च्या डिसेंबर महिन्यात उत्तर प्रदेशातील लुत्सान या गावातून आकाशवाणीकडे एक पत्र आले. भित्तिपत्रकाएवढ्या मोठ्या कागदावर ते लिहिलेले होते आणि त्याखाली १८४ ग्रामस्थांच्या सह्या व अंगठे होते. ‘तिनका तिनका सुख’ ही आकाशवाणीवरील हिंदी श्रुतिका-मालिका ऐकून गावाचा, विशेषतः स्त्रियांचा, लाभ झाला आहे. यापुढे आम्ही हुंडा देणार नाही आणि घेणारही नाही, असा निश्चय ग्रामस्थांनी त्यात कळविला होता.

हुंडा प्रतिबंधक कायदा झाला तो १९६१ साली. पस्तीस वर्षांत कायद्याला जे साधले नाही, ते एका श्रुतिकेला कसे साधले?

कथेतून शिकवण

या प्रकारच्या मालिकांचा उगम मेक्सिकोत आहे. मिगेल साबिदो या दूरचित्रवाणी निर्मात्याने १९७५ पासून प्रौढ साक्षरता, कुटुंबनियोजन अशा विषयांवर लोकप्रिय मालिका तयार केल्या. त्यांची रचना विचारपूर्वक केलेली असे. एक पात्र चांगल्या मार्गाचे, दुसरे वाईट मार्गाचे आणि तिसरे या दोहोंमध्ये घुटमळणारे. प्रेक्षक स्वतःला पाहतो तो या तिसऱ्या पात्रात. ते पात्र चुकत, ठेचकाळत बदलते, तेव्हा ‘हे मलाही जमेल’ असा विश्वास प्रेक्षकाच्या मनात निर्माण होतो.

याच विचारातून भारतात ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीतून उतरलेल्या या मालिकेचे १५६ भाग झाले आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ज्येष्ठ अभिनेते अशोक कुमार प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. परंतु या मालिकेने एक वेगळाच धडा दिला. भागवंती ही मुकाट्याने सोसणारी आई लेखकाने रंगविली होती, ती अशा सोसण्याचे दुष्परिणाम दिसावेत म्हणून. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांना, त्यांतही स्त्रियांना, तीच आदर्श वाटली! निर्मात्याचा हेतू कितीही चांगला असो, पाहणारा आपल्या संस्कारांच्या चष्म्यातूनच पाहतो, हे यावरून स्पष्ट झाले.

लुत्सानमध्ये काय घडले?

‘तिनका तिनका सुख’ मालिकेतील पूनम ही नवविवाहिता. पुरेसा हुंडा आणला नाही म्हणून सासरी तिचा छळ होतो, तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले जातात आणि अखेर ती आपले जीवन संपविते. असे प्रसंग लुत्सानच्या लोकांना अपरिचित नव्हते. पण आपल्या घरातील वा शेजारच्या सुनेविषयी उघडपणे बोलणे कठीण असते. पूनमविषयी बोलता येत होते. गावातील एका शिंप्याच्या दुकानात ही मालिका ऐकणारे लोक जमू लागले, चर्चा रंगू लागली. त्या चर्चेतून पत्राची कल्पना पुढे आली आणि पुढे गावात श्रोतामंडळेही स्थापन झाली.

पत्राची बातमी कळल्यावर अभ्यासक या गावात गेले. मालिका सुरू झाली तेव्हा गावातील शाळांत मुलींचे प्रमाण १० टक्के होते; दोन वर्षांनी ते ३८ टक्क्यांवर गेल्याचे त्यांनी नोंदविले. मात्र गावकऱ्यांच्या बोलण्यात आणि वागण्यात विसंगतीही त्यांना आढळली. हुंड्याविरुद्ध बोलणारा मनुष्य स्वतःच्या घरचे लग्न ठरविताना रूढीपुढे नमू शकतो. परिवर्तनाची वाट सरळ नव्हती. ती दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे अशीच होती.

केबल आणि गोव्याची गावे

याहून निराळे एक संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तामिळनाडू, दिल्ली आणि आपला शेजारी गोवा येथील त्याच त्या कुटुंबांकडून पुनःपुन्हा माहिती घेतली. जेथे नव्याने केबल आली, तेथे पतीने पत्नीला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला आणि घरातील निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढला. विशेष म्हणजे केबलवरील मालिका काही शिकविण्यासाठी केलेल्या नव्हत्या. नोकरी करणारी, एकटी बाहेर पडणारी स्त्री पडद्यावर रोज दिसत होती. जगण्याची दुसरी रीत असू शकते, एवढे समजण्यास तेही पुरेसे ठरले.

आपल्यासाठी बोध

ही सारी उदाहरणे एकत्र ठेवली, की माध्यमांची शक्ती आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. कथा मनाचे दार उघडते, जिभेवरचे कुलूप काढते. पण ऐकलेल्या गोष्टीवर माणसे एकत्र बसून बोलतात आणि एकमेकांच्या साक्षीने शब्द देतात, तेव्हा बदलाला बळ येते. एकट्याचा निश्चय नातलगांच्या एका टोमण्याने मोडतो. १८४ जणांचा निश्चय मोडणे तितके सोपे नसते.

हे काम अजून संपलेले नाही. २०२२ या एकाच वर्षात देशात सहा हजारांहून अधिक हुंडाबळींची सरकारी नोंद झाली. हुंडा हा शब्द टाळून ‘मुलीसाठी आईवडिलांची भेट’ असे गोड नाव दिले, तरी मागणी ती मागणीच. पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेमक्या १९९६ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी ‘समाजातील स्त्रीची भूमिका पुढे आणणारे व्यासपीठ म्हणून प्रसारमाध्यमे’ हाच विषय निवडला होता. ते व्यासपीठ आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आले आहे. मात्र प्रत्येक जण ते एकेकटा पाहतो. लुत्सानमध्ये मात्र ऐकणारे एकत्र जमत होते. तेव्हा घरात एखादी मालिका वा चित्रफीत पाहून झाली, की मुलगा आणि मुलगी या दोघांनाही जवळ बसवून विचारावे: ‘यातील सुनेला मिळालेली वागणूक तुम्हांला योग्य वाटली का?’ त्यांचे उत्तर ऐकून घ्यावे आणि आपलेही सांगावे.